विजेच्या तारेचे रीळ

सोलापूर हे सुताचे शहर आहे. येथील मुलांना 'रीळ' म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. शिलाई यंत्रावरचे दोऱ्याचे रीळ, सुताची बॉबिन, मागाच्या धोट्यात बसणारी कांडी या वस्तू त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या असतात. सूत कितीही घट्ट गुंडाळले तरी त्याचे काही बिघडत नाही. उलट, गुंडाळलेले सूतच नीट राहते आणि वेळेवर कामाला येते.

आता आणखी एक रीळ घरोघरी आले आहे. ते आहे विजेच्या तारेचे. एका टोकाला पिन, मधे दहा-वीस किंवा तीस मीटर तार आणि दुसऱ्या टोकाला दोन-चार सॉकेट असे त्याचे रूप असते. कोणी त्याला 'एक्स्टेंशन' म्हणतात, कोणी 'एक्स्टेंशन बॉक्स'. दिसायला ते दोऱ्याच्या रिळासारखेच असते. पण स्वभाव मात्र उलटा! गुंडाळलेले ठेवून ते वापरले तर ते तापते, त्याचे आवरण मऊ होते आणि कधी कधी ते पेटही घेते. असे का होते? रीळ विकत घेताना काय पाहावे? आणि घरात असलेले साधे रीळ सुधारावे कसे? या पाठात आपण हेच समजून घेऊ.

घरात कारखाना कसा आला?

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. लोक आजही तिला 'जुनी गिरणी' म्हणून ओळखतात. त्या काळच्या गिरण्या वाफेवर चालत. एक मोठे वाफेचे इंजिन असे. ते छताजवळ बसवलेला एक लांब दांडा फिरवी आणि त्या दांड्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती मिळे. असे इंजिन घरात ठेवणे कोणालाच शक्य नव्हते. म्हणून काम करायचे तर माणसाला गिरणीत जावे लागे.

पुढे विजेची छोटी मोटार आली आणि चित्र बदलले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळाली. यंत्रमाग गल्लीबोळांत आले. शिलाई यंत्राला पायाऐवजी मोटार लागली. शाळेचे गणवेश शिवणारे, लाकडाचे काम करणारे, पंखे आणि मोटारी दुरुस्त करणारे कितीतरी कारागीर घराच्या एका खोलीत किंवा अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करू लागले. अशा खोलीला आपण घरगुती कार्यशाळा म्हणू.

पण घर बांधताना तेथे कार्यशाळा होईल, असा विचार कोणी केलेला नसतो. खोलीत एक बोर्ड असतो आणि त्यावर एक-दोन सॉकेट. यंत्र एका कोपऱ्यात, इस्त्री दुसऱ्या कोपऱ्यात आणि ड्रिल अंगणात. मग सगळा भार येतो तो त्या एका रिळावर. म्हणून ते रीळ नीट निवडले पाहिजे.

तार का तापते?

तांब्याची तार विजेला वाट देते. पण ती वाट अगदी मोकळी नसते. तार प्रवाहाला थोडा अडथळा करते. या अडथळ्याला मराठीत 'रोध' म्हणतात. तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात त्यालाच 'मुजाहमत' म्हणता. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली विजेचा दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध सांगितला. म्हणून रोधाचे माप 'ओहम' या नावाने मोजतात. पुढे १८४१ साली इंग्लंडच्या जूलने दाखवून दिले की, तारेतून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. प्रवाह तिप्पट झाला तर उष्णता नऊपट होते.

रोध दोन गोष्टींवर अवलंबून असतो. तार जितकी लांब, तितका रोध जास्त. तार जितकी जाड, तितका रोध कमी. अरुंद आणि लांब बोळातून गर्दी जाताना जसा त्रास होतो, तसेच हे आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका रिळावर ३० मीटर तार आहे आणि तिची जाडी ०.७५ चौरस मिलिमीटर आहे. वीज जाते एका तारेने आणि परत येते दुसरीने. म्हणून हिशेबात ६० मीटर लांबी धरावी लागते. अशा तारेचा रोध सुमारे १.५ ओहम असतो.

या रिळावर एक इस्त्री (१००० वॉट), शिलाई यंत्राची मोटार (१०० वॉट) आणि एक पंखा (७५ वॉट) एकाच वेळी चालू आहेत. एकूण भार ११७५ वॉट झाला. आपल्या घरी विजेचा दाब साधारण २३० व्होल्ट असतो. वॉटला व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो. ११७५ भागिले २३० म्हणजे सुमारे ५.१ अँपिअर. आता प्रवाहाचा वर्ग करून त्याला रोधाने गुणा. उत्तर येते सुमारे ३९ वॉट. एवढी उष्णता एकट्या तारेत तयार होते.

३९ वॉट ऐकायला फार वाटत नाहीत. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे डाग देण्यासाठी जे सोल्डरिंग आयर्न असते, ते साधारण २५ वॉटचे असते. म्हणजे आपल्या तारेत दीड सोल्डरिंग आयर्नची उष्णता आहे!

मग तार वितळत का नाही? कारण ही उष्णता ३० मीटर लांबीवर पसरलेली असते. जमिनीवर मोकळी पसरलेली तार चारही बाजूंनी हवेला उष्णता देते आणि थंड राहते. तीच तार रिळावर घट्ट गुंडाळलेली असेल तर आतल्या वेढ्यांना हवा मिळत नाही. एका वेढ्याची उष्णता दुसऱ्याला लागते. थंडीत चार चादरी एकावर एक पांघरल्या की ऊब जशी आत कोंडते, तशीच येथे उष्णता कोंडते.

आता याच रिळावर कोणी लाकूड कापायचा १२०० वॉटचा कटरही लावला, तर प्रवाह सुमारे १० अँपिअर होईल. प्रवाह दुप्पट, म्हणून उष्णता चौपट. ती सुमारे १५० वॉट होते. म्हणजे सहा सोल्डरिंग आयर्न एका डब्यात बंद केल्यासारखे झाले. आता मात्र धोका निश्चित आहे.

काही लोक म्हणतात की, तारेचे वेटोळे झाले की त्याचे लोहचुंबक बनते आणि म्हणून ते तापते. हे बरोबर नाही. केबलमध्ये जाणारा आणि येणारा प्रवाह शेजारी शेजारी पण उलट दिशांनी वाहतो. त्यामुळे दोघांचे चुंबकत्व एकमेकांना जवळजवळ नाहीसे करते. रीळ तापते ते केवळ उष्णता कोंडल्यामुळे.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा हिशेब

तारेवरचे साधे पीव्हीसीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्यापुढे ते मऊ पडते, आणि आवरण मऊ पडले की आतल्या दोन तारा एकमेकींना टेकण्याचा धोका वाढतो. पुस्तकातले बरेच आकडे मात्र थंड हवेचे असतात. २० अंशांच्या हवेत तारेला तापण्यासाठी ५० अंशांची सूट मिळते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर हवा त्याहून गरम असते. मग ही सूट २८ अंशांहूनही कमी उरते. म्हणून आपण तार निवडताना नेहमी गरजेपेक्षा एक पायरी जाड घ्यावी.

आणखी एक गोष्ट आपल्या शहराला विशेष लागू पडते. माग, शिलाई आणि टॉवेल यांच्या कामात कापसाचे बारीक तंतू हवेत उडतात आणि सगळीकडे बसतात. सॉकेटच्या भोकांतही ते साठतात. तंतू लवकर पेट घेतात. १८ मे २०२५ च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि त्यात आठ माणसांचा बळी गेला. सुरुवातीच्या बातम्यांत शॉर्ट सर्किटचा संशय व्यक्त झाला होता. कारण कोणतेही असो, एक गोष्ट त्या दिवशी साऱ्या शहराला दिसली. जेथे सूत असते, तेथे ठिणगीला क्षमा नसते.

रीळ घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, लांबी. दुकानात जाण्यापूर्वी बोर्डापासून कामाच्या जागेपर्यंतचे अंतर टेपने मोजा. घरगुती कार्यशाळेला बहुधा १० ते १५ मीटर तार पुरते. 'लागली तर असावी' म्हणून ३० मीटरचे रीळ घेतले, तर दररोज २० मीटर तार गुंडाळलेलीच राहील. ती जास्तीची लांबी फायद्याची नसून तोट्याची आहे.

दुसरी गोष्ट, जाडी. दुकानदार 'एक एमएम', 'दीड एमएम', 'अडीच एमएम' असे म्हणतो. त्याचा अर्थ तारेचा व्यास नव्हे. तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ तितके चौरस मिलिमीटर आहे, असा त्याचा अर्थ. शिलाई यंत्र, पंखा, दिवा एवढेच चालवायचे असेल तर १ चौरस मिलिमीटर तार पुरेशी आहे. इस्त्री, ड्रिल, ग्राइंडर वापरायचे असतील तर १.५ घ्यावी. १६ अँपिअरचे मोठे सॉकेट लावायचे असेल तर २.५ घ्यावी. वेल्डिंगचे यंत्र रिळावर कधीही लावू नये. त्यासाठी स्वतंत्र जोडणीच हवी.

तिसरी गोष्ट, धातू. तार तांब्याचीच हवी. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो. काही स्वस्त तारांत ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेला असतो. एखाद्या तुकड्याचे टोक चाकूने खरवडले आणि आतून पांढरे दिसले, तर ती तार घेऊ नये.

चौथी गोष्ट, छाप. केबलवर आयएसआय चिन्ह आणि 'आयएस ६९४' हा क्रमांक छापलेला असावा. पिन आणि सॉकेटसाठी हा क्रमांक 'आयएस १२९३' आहे. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. १ एप्रिल १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहते. पण चिन्ह मात्र आजही 'आयएसआय' याच नावाने ओळखले जाते. चांगल्या रिळावर भाराचे दोन आकडे असतात. एक तार पूर्ण उलगडलेली असतानाचा आणि दुसरा गुंडाळलेली असतानाचा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच कमी असतो. तो जरूर वाचा.

पाचवी गोष्ट, रिळाची बांधणी. मधला गाभा जाड असावा, म्हणजे तारेला तीव्र वळण बसत नाही. मूठ फिरवताना हलकी असावी. रीळ लोखंडी असेल तर त्याचा सांगाडाही अर्थिंगच्या तारेला जोडलेला असला पाहिजे.

तिसरी तार

रिळाच्या केबलमध्ये तीन तारा हव्यात. त्यांपैकी दोन तारांनी यंत्र चालते. मग तिसरी कशाला? अनेक जण पैसे वाचवण्यासाठी दोन तारांचेच रीळ घेतात. यंत्र तर छान चालते! म्हणून त्यांना वाटते की तिसरी तार फुकटची आहे.

तिचे काम बिघाडाच्या दिवशी कळते. समजा, लोखंडी अंगाच्या ग्राइंडरमध्ये आतली एक तार घासून उघडी पडली आणि बाहेरच्या लोखंडाला टेकली. आता ते सारे लोखंड जिवंत झाले. तिसरी तार नसेल, तर वीज जमिनीकडे जाण्यासाठी वाट शोधते. जो ग्राइंडर हातात धरतो, त्याचे शरीर हीच ती वाट होते. तिसरी तार असेल, तर वीज त्या सोप्या वाटेने जमिनीत जाते. प्रवाह एकदम वाढतो, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. ही तार हिरवी किंवा हिरवी-पिवळी असते. तीन पिनांच्या प्लगमध्ये तिची पिन जाड आणि लांब असते. लांब यासाठी की, प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी.

काही यंत्रांवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते. त्यांना दुहेरी आवरण असल्यामुळे त्यांच्या प्लगला दोनच पिना असतात. ते ठीक आहे. पण रीळ मात्र नेहमी तीन तारांचेच असावे, कारण उद्या त्यावर कोणते यंत्र लागेल, ते आज सांगता येत नाही. आणि एक प्रश्न घरी जरूर विचारा. भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे खरोखर तार जोडलेली आहे का? जुन्या घरांत ते भोक कधी कधी नुसते नावाला असते. त्याची तपासणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी.

जुने रीळ सुधारावे कसे?

नवे रीळ घेणे नेहमीच परवडते असे नाही. जुन्या रिळातही बरीच सुधारणा करता येते. मात्र पुढील कामे प्लग भिंतीतून काढल्यावरच आणि जाणत्या मोठ्या माणसाने करावीत. विद्यार्थ्यांनी पाहावे, समजून घ्यावे आणि हिशेब मांडून द्यावा.

१. केबल बदलणे. सांगाडा चांगला असेल, तर दोन तारांची बारीक केबल काढून तीन तारांची १.५ चौरस मिलिमीटरची केबल बसवावी. सॉकेट जुनेच ठेवायचे असेल, तर त्यालाही तिसरे भोक हवे.

२. टोके घट्ट करणे. बहुतेक रिळे प्लगच्या तोंडाशी बिघडतात. ओढाओढीने स्क्रू सैल होतो आणि सैल जोडाजवळ ठिणग्या पडतात. केबल घट्ट धरणारी पट्टी असलेला प्लग लावावा, म्हणजे ओढ स्क्रूवर न येता पट्टीवर येते.

३. संरक्षण बसवणे. येथे दोन उपकरणांतील फरक समजून घ्या. एमसीबी प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडते. ती तारेचे रक्षण करते. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा प्रवाह सतत ताडून पाहते. त्यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कोठेतरी गळते आहे, असे ओळखून ती क्षणात वीज तोडते. ती माणसाचे रक्षण करते. घरच्या मुख्य बोर्डावर ही दोन्ही असली, तर प्रत्येक रिळाला त्यांचा लाभ मिळतो.

४. सॉकेट झाकणे. झाकणाचे सॉकेट लावावे आणि रीळ भिंतीवर असे टांगावे की सॉकेटची तोंडे वर नसतील. मग तंतू आणि धूळ आत साठत नाही. आठवड्यातून एकदा प्लग काढून कोरड्या ब्रशने ते साफ करावे.

५. माहिती लिहिणे. रिळावर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहावे: तारेची लांबी, जाडी, जास्तीत जास्त वॉट आणि 'पूर्ण उलगडा'. हे उर्दूत, मराठीत, तेलुगूत, घरात जी भाषा वाचतात त्या भाषेत लिहावे. या सुधारणेला सर्वांत कमी खर्च येतो. पण तिचा उपयोग दररोज होतो.

वापरताना काही नियम पाळावेत. तार पूर्ण उलगडावी. जास्तीची तार जमिनीवर मोठ्या, सैल वळशांत ठेवावी. सतरंजी, कपड्यांचा ढीग किंवा दाराची फट यांखालून तार नेऊ नये. एका रिळाला दुसरे रीळ जोडू नये. आवरण फाटले तर नुसती चिकटपट्टी गुंडाळून काम चालवू नये. तेवढा भाग कापून टाकावा किंवा केबल बदलावी. काम संपले की आधी प्लग काढावा, मग तार गुंडाळावी. आणि मधून मधून तारेला हात लावून पाहावा. कोमट लागली तर भार कमी करावा. गरम लागली तर काम थांबवावे.

शेवटी एक साधी कसोटी. एखादे रीळ महिनोन्‌महिने एकाच जागी, एकाच यंत्राला जोडलेले असेल, तर तेथे रिळाची गरज नाही. तेथे भिंतीत पक्के सॉकेट हवे. रीळ हा पाहुणा आहे. काम झाले की त्याने खुंटीवर परत जावे.

स्वाध्याय

१. दोऱ्याचे रीळ आणि विजेच्या तारेचे रीळ यांतील फरक तीन-चार वाक्यांत लिहा.

२. एका रिळावर ४६० वॉटचे ड्रिल आणि ९२० वॉटचा ग्राइंडर एकाच वेळी चालतात. दाब २३० व्होल्ट आहे. प्रवाह किती? तारेचा रोध १.५ ओहम असेल तर तारेत किती वॉट उष्णता निर्माण होईल?

३. 'तिसरी तार फुकटची आहे' असे म्हणणाऱ्या शेजाऱ्याला तुम्ही काय सांगाल?

४. घरातील एक्स्टेंशन रीळ प्लग काढून नीट पाहा. लांबी, तारेची जाडी, तारांची संख्या आणि आयएसआय चिन्ह यांची नोंद वहीत करा आणि ती घरातील मोठ्यांना वाचून दाखवा.